गडग्याच्या अलीकडे

माझ्या शिकारीच्या वहीचं पहिलं पान मी फाडलेलं नाही. त्यावर चारच गोष्टी लिहिल्यात: ‘नोव्हेंबर २०१९. मादी. १४० यार्ड. चार तास.’

ते चार तास मी त्या हरणीला शोधत होते. टेक्सासच्या हिल कंट्रीत, लॅनो काउंटीतल्या एका रँचवर आम्ही तीन कुटुंबं मिळून शिकारीचा हक्क भाड्याने घेतो, त्याला इथे ‘डिअर लीज’ म्हणतात. माझा पहिलाच हंगाम होता. सकाळी सातच्या सुमाराला ती ओकच्या झाडाखालून बाहेर आली, आडवी उभी राहिली. मी चाप ओढला. ती खाली बसली, उठली आणि तीन पायांवर देवदारासारख्या त्या दाट झुडपांत शिरली. चुनखडीच्या पांढऱ्या दगडांवर दर पाच-सहा पावलांवर रक्ताचा एक थेंब. मध्येच माग तुटायचा, मी शेवटच्या थेंबापाशी रुमाल ठेवून गुडघ्यांवर बसून पुढचा थेंब शोधायची. अकरा वाजता सापडली तेव्हा ती जिवंत होती. दुसरी गोळी मी दहा पावलांवरून घातली. त्याआधी मला तिचा श्वास ऐकू येत होता.

कातडं काढताना सगळं कळलं. खांद्यावर मुठीएवढी उथळ जखम. हाडाच्या चिपा, मोहरीएवढे शिशाचे दाणे आणि तांब्याच्या पापुद्र्याच्या चिंध्या. त्यामागची फासळी मात्र धड होती. गोळी हाडावर फुटली आणि तिथेच संपली. फुफ्फुसापर्यंत तिच्यातलं काहीच पोचलं नव्हतं.

काडतुसाच्या खोक्यावर कोयोटीचं, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराचं, चित्र होतं. ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं, ‘वेग भरपूर आहे, जागच्या जागी पडेल.’ ती गोळी बनवलेलीच होती लहान जनावरासाठी: पातळ कवच, आत मऊ शिसं, लागताक्षणी फुटायचं. तिने तिचं काम चोख केलं होतं. चूक निवडीची होती आणि निवड माझी होती.

माझी रायफल टू-टू-थ्री रेमिंग्टनची आहे. नळी सोळा इंच. हरणासाठी हे काडतूस लहान आहे, आणि सोळा इंच म्हणजे इथल्या केंद्रीय कायद्यानुसार साध्या रायफलीची आखूडात आखूड नळी. त्याहून लहान नळीसाठी १९३४ च्या कायद्याप्रमाणे वेगळी नोंदणी लागते. मग अशी बंदूक घेतलीच का? माझी उंची पाच फूट एक इंच. मचाण म्हणजे पत्र्याची चार बाय सहाची खोली, खिडकी वीतभर. नळीच्या तोंडाला सायलेन्सर लावला की लांबी आणखी सहा-सात इंचांनी वाढते, आणि सायलेन्सर मला हवाच होता, कारण पहिल्यापासून मनात होतं की लेक मोठी झाली की शेजारी बसेल. तिचे कान मला जपायचे होते. तिच्या खांद्याला धक्का बसून ती बंदुकीच्या बाराला घाबरायला नको होती. घाबरलेलं मूल चाप ओढताना डोळे मिटतं, आणि मिटल्या डोळ्यांनी झाडलेली मोठी गोळी जनावराला लहान गोळीपेक्षा जास्त छळते.

तेव्हा बंदूक बदलायची नाही, काडतूस नीट निवडायचं, हे ठरलं. त्यातच पुढचे दोन हंगाम गेले. त्या दोन्ही हंगामांत मी एकही बार काढला नाही.

आधी वेगाचं बघितलं. पंचावन्न ग्रेन वजनाच्या त्या गोळीच्या खोक्यावर छापलं होतं: ३२४० फूट प्रतिसेकंद. मैत्रिणीच्या नवऱ्याकडून क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, आणला, दहा गोळ्या झाडल्या आणि सरासरी काढली. २९६० आली. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा झाडल्या. आकडा तोच. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो चोवीस इंचांच्या चाचणी-नळीतला होता. दारू पेटल्यावर जो वायू होतो तो गोळी नळीत असेपर्यंतच तिला मागून ढकलतो. नळी संपली की ढकलणं संपलं. उरलेला जोर बाहेर जाळ आणि आवाज होऊन जातो. म्हणून आखूड नळीची बंदूक कानठळ्या बसवते आणि गोळी मात्र हळू सोडते. या काडतुसात नळीच्या दर इंचामागे साधारण पंचवीस ते चाळीस फुटांचा फरक पडतो. माझे आठ इंच कमी, म्हणजे पावणेतीनशे फूट कमी. खोक्यावरचा वेग दुसऱ्या कुणाच्या तरी बंदुकीचा होता, आणि तो आपलाच धरून मी हरणापुढे बसले होते.

ग्रेन हे माप ऐकलं की इथल्या लोकांना काही वाटत नाही, मला मात्र आमच्या गावचा सोनार आठवतो. इंग्रजांनी आपल्याकडे ठरवून दिलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. बारा मासे म्हणजे तोळा, तेव्हा एक मासा पंधरा ग्रेनचा. साठ ग्रेनची गोळी म्हणजे चार मासे, नाकातल्या नथीएवढं वजन. तेवढ्या धातूने चाळीस-पंचेचाळीस किलोच्या जनावराचा जीव झटकन जायला हवा. एवढ्याशा गोळीत उधळायला काहीच नसतं. खांद्याच्या हाडावर निम्मी फुटली तर आत जायला उरणार काय?

हा प्रश्न माझ्याही आधी पुष्कळांना पडलेला आहे. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नोस्लर नावाच्या गृहस्थाने चिखलाने माखलेल्या एका मूसवर, म्हणजे तिकडच्या अजस्र हरणावर, गोळ्या झाडल्या. बंदूक चांगली दणकट होती, गोळ्या वेगवान होत्या, पण त्या वरच्यावरच फुटत होत्या, आत पोचेनात. घरी येऊन त्याने गोळीच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची एक आडवी भिंत घातली. पुढचं शिसं फुटून पसरावं, मागचं भिंतीआड शाबूत राहून पुढे जात राहावं. ‘पार्टिशन’ नावाने ती गोळी आजही मिळते, साठ ग्रेनमध्ये माझ्या बंदुकीसाठीसुद्धा. ही गोष्ट वाचली त्या दिवशी मला बरं वाटलं. त्या माणसाने मूसला दोष दिला नाही, नेमालाही दिला नाही. गोळी कापून पाहिली.

पार्टिशनखेरीज दोन वाटा होत्या. एक बाँडेड गोळी. तिच्यात शिसं आणि तांब्याचं कवच एकजीव केलेलं असतं, त्यामुळे ती पसरते पण चिंध्या होत नाही. दुसरी अख्खी तांब्याची. तिच्यात शिसं नाहीच, तोंडाशी पोकळी असते आणि लागल्यावर तिच्या चार पाकळ्या उलगडतात. लष्करी धाटणीची, पूर्ण कवचाची गोळी स्वस्त मिळते, पण तिचा विचार कुणी करू नये. ती उलगडत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते, आणि जनावर मैलभर लांब जाऊन मरतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिकारीला तिच्यावर बंदीच आहे.

आणखी एक उपाय मला प्रत्येकाने सुचवला: थ्री हंड्रेड ब्लॅकआउट घे. २०११ मध्ये मान्यता मिळालेलं हे काडतूस आखूड नळीसाठीच घडवलंय. त्यातली दारू नऊएक इंचांच्या नळीतही जवळजवळ पुरती कामी येते. गोळी जाड आणि दुप्पट जड. हरणाला उत्तम, हे मी मान्य करते. पण त्याची पुंगळी टू-टू-थ्रीच्या घराण्यातलीच आहे, आणि ते काडतूस चुकून टू-टू-थ्रीच्या बंदुकीत बसू शकतं. घोडा पडला की जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि बंदूक चेहऱ्यापाशी फुटते. ज्या घरात मूल बंदूक भरायला शिकतंय, त्या घरात एकसारखी दिसणारी दोन काडतुसं मी ठेवणार नाही. यावर माझ्याशी वाद घातलेले लोक माझ्याहून अनुभवी आहेत. तरीही नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. टेक्सासमध्ये हरणाला रिमफायर, म्हणजे पुंगळीच्या कडेवर ठोका बसून पेटणारं काडतूस, चालत नाही; मध्यावर ठोका बसणारं सेंटरफायर कुठलंही चालतं. व्हर्जिनियात .२३ इंच व्यासाच्या खालची रायफल हरणाला चालत नाही, म्हणजे माझी तिथे बाद. कोलोरॅडोत .२४ च्या खाली नाही, आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा हवी. माझ्या गोळीत तिथे साडेसातशेच उरते. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांना .२४० लागते, पण मंटजॅकसारख्या लहान हरणाला .२२ च्या घरातली रायफल चालते. मंटजॅक म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातल्या भेकराचाच भाऊबंद. ही राज्यं नि हे देश आपापल्या हरणांचा विचार करून रेषा आखतात. टेक्सासने रेषा सैल ठेवली, म्हणजे ती माझी मला आखायची होती.

रेषा म्हटली की मला गडगा दिसतो.

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. माझ्या आठवणीत ते तिने फक्त हवेत बार काढत, माकडं आणि रानडुकरं हाकलायला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली होती आणि आजोबा कायदा पाळणारे होते. पण त्याआधीच्या गोष्टी ते सांगत. दारू ओतायची, काथ्या घालून गजाने ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा काथ्या. गज नळीबाहेर किती बोटं राहिला त्यावरून भरणा मोजायचा. त्या बंदुकीच्या नळीला आतून गोळी फिरवणारे आटे नव्हते. पन्नास पावलांपलीकडे छर्रा कुठे जाईल ते देवच जाणे. म्हणून भुईमुगाच्या मळ्याभोवतीचा दगडी गडगा ही त्यांची हद्द होती. डुक्कर गडग्याच्या अलीकडे आलं तर बार. पलीकडे कितीही मोठा एकुलगा उभा असला तरी आजोबा बंदूक मांडीवरून उचलत नसत. ‘पलीकडचा आपला न्हय,’ म्हणायचे.

त्यांच्या त्या वाक्यात मला काडतुसाचं उत्तर मिळालं. मी इतके दिवस विचारत होते की कुठली गोळी चांगली. विचारायला हवं होतं की किती लांबवर. तांब्याची गोळी उलगडायला वेग लागतो. वेग साधारण अठराशे ते दोन हजार फुटांखाली गेला की तिच्या पाकळ्या नीट उघडतील याची खात्री नाही. आखूड नळीतून तिची सुरुवातच हळू होते, म्हणून पुष्कळजण सांगतात की आखूड नळीला तांबं घेऊ नका, बाँडेड घ्या. लांबवरचे बार काढायचे असतील तर ते खरंही आहे. पण शंभर यार्डांपर्यंत पंचावन्न ग्रेनच्या तांब्याच्या गोळीत माझ्या नळीतूनही अडीच हजारांच्या आसपास वेग उरतो, आणि तो पुरेसा आहे.

तांबं मला दुसऱ्या कारणासाठीही हवं होतं. त्या पहिल्या हरणीच्या मांसात मी दुसऱ्या दिवशीही शिशाचे कण वेचत होते, जखमेपासून वीतभर लांबही. ते मांस मुलीच्या ताटात जाणार होतं. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर राज्यभर बंदी घातली. तिथे शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन काँडोर गिधाडं शिशाच्या विषाने मरत होती. गिधाडाला जे बाधतं ते सात वर्षांच्या मुलीला मी वाढणार नव्हते.

तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर ठेवायला नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट लागतो. माझ्या नळीत आठ इंचांत एक फेरा आहे, तो चालतो. जुन्या, बारा इंचांत एक फेरा असलेल्या नळीत हीच गोळी डगमगली असती.

मग तपासणी. लीजवर, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी, दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन पाण्याने भरून एकामागे एक पाच मांडले. शंभर यार्ड मोजले. यार्ड म्हणजे आपला वारच; अकरा नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरली की शंभराला एक कमी. पहिला कॅन उभा चिरला आणि पाणी डोक्यावर उडालं. गोळी चौथ्या कॅनच्या तळाशी सापडली, अजून कोमट. चार पाकळ्या मागे वळलेल्या, मोहरीच्या फुलासारख्या. आईने लग्नात दिलेला सोनं तोलायचा काटा मी सोबत नेला होता. पंचावन्न ग्रेनपैकी साडेचोपन्न भरली. बाँडेड गोळीही वाईट नव्हती, बासष्टातली सत्तावन्न उरली. मग तांब्याची अडीचशे यार्डांवरून झाडून पाहिली. ती पाचही कॅन ओलांडून बांधात गेली. मातीत हात घालून काढली तर टोकाशी नुसती ओठ मुडपल्यासारखी, पाकळ्या मिटलेल्याच. दोन्ही गोळ्या मी एका काचेच्या डबीत ठेवल्या आहेत. एकाच खोक्यातल्या आहेत, हे सांगूनही कुणाला पटत नाही.

त्या डबीवरूनच लेकीशी बोलणं झालं. ती आता तेरा वर्षांची आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स तिने केलाय, कागदावरच्या निशाणाला शंभरावर तिचे पाच बार बशीएवढ्या वर्तुळात बसतात.

‘पण आई, गोळी दोनशेवर पोचते ना?’

‘पोचते. जाऊन उघडत नाही.’

तिने मिटलेली गोळी बोटांत धरून बराच वेळ फिरवली. मचाणापासून पंचाण्णव यार्डांवर एक वाकडा लाइव्ह ओक आहे. त्याला तिने दोरी बांधली आणि तेव्हापासून आम्ही त्या झाडाला गडगा म्हणतो. आजूबाजूची अमेरिकन मुलंही आता ‘गड्गा’ म्हणतात.

इथे हरणं अफाट आहेत. लांडगे केव्हाच संपले, आणि साठच्या दशकात जखमांत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा बंदोबस्त झाल्यावर दरवर्षी मरणारी पाडसं वाचू लागली. माद्या कमी व्हाव्यात असं राज्याचंच म्हणणं असतं. हे खरं असलं तरी मचाणात बसल्यावर ते आठवत नाही. तिथे समोर एकच हरीण असतं.

मुख्य हंगामाआधी मुलांसाठी राखीव काही दिवस असतात. या ऑक्टोबरात आम्ही दोघी गेलो. शनिवारी संध्याकाळी एक मादी आली, एकटी, मोठी, पूर्ण आडवी. दुर्बिणीतला आकडा १२८. दोरीच्या पलीकडे. लेकीचा श्वास जोरात चालला होता. तिने बोट चापापासून लांब, सरळ ठेवलं होतं. मादी वीस मिनिटं चरली, एकदा आमच्या दिशेने चार पावलं आली, मग वळून उतारावरून गेली. लेक काही बोलली नाही. अंधार पडल्यावर तिने काडतूस काढून माझ्या हातात दिलं, तेव्हा ते घामाने ओलं होतं.

रविवारी उजाडताना तीन आल्या. त्यातली मधली दोरीच्या अलीकडे आली, ८४ यार्डांवर, डावी कूस आमच्याकडे. मी एवढंच म्हटलं, ‘खांद्याच्या मागे. हाडावर नको.’ बार झाला. हरणीने मागचे पाय झाडले आणि खाली मान घालून पळाली. आम्ही वीस मिनिटं घड्याळ बघत बसलो. लेकीचा हात माझ्या दंडावर होता आणि तो थरथरत होता. मला २०१९ ची सकाळ आठवत होती, पण ते मी तिला सांगितलं नाही.

खाली उतरलो तर माग काढावाच लागला नाही. गवतावर दोन्ही बाजूंना फेसाळ लाल शिंतोडे होते. लेक पावलं मोजत पुढे, मी मागे. सदतिसाव्या पावलाला ती पडलेली होती. गोळी शिरली तिथे मसुराएवढं भोक, बाहेर पडली तिथे जुन्या रुपयाएवढं. दोन्ही फुफ्फुसं गेलेली, खांद्याचं मांस अख्खं. मी बोटांनी चाचपून पाहिलं, कुठे काही टोचलं नाही. लेक रडली. मी तिला रडू दिलं, मग सुरी तिच्या हातात दिली आणि कुठून कापायचं ते दाखवलं.

वाटे घातले. रँचच्या मालकाला एक मांडी, दोन्ही कुटुंबांना एकेक वाटा, काळीज आमचं. नवरा शाकाहारी, त्याने पिशव्यांवर तारखा घातल्या.

वहीत लेकीने स्वतः लिहिलं: ‘मादी. ८४ यार्ड. ३७ पावलं.’ लिहून झाल्यावर पहिलं पान उघडून तिथलं ‘चार तास’ वाचलं. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पणजोबा कुठे बसायचे? तिथून गडगा किती पावलांवर होता?’

मला माहीत नव्हतं. बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजत आले होते, जेवण चाललं होतं. ते म्हणाले, फणसाखाली बसायचे, तिथून पस्तीस असेल, नाहीतर चाळीस. मग पाणी प्यायल्याचा आवाज आला आणि म्हणाले, ‘थांब गो, फणस अजून आसा, गडगोय आसा. उद्या सकाळी मोजून सांगतंय.’